फॉर्मवर ‘लॅब मिक्स’ लिहू नकोस

“ताई, आमचा शेरू रॉटवायलर आहे, वजन 48 किलो. नव्या ट्रकिंग कंपनीत कुत्रा चालतो, पण रॉटवायलर चालत नाही. बरोबरीचे ड्रायव्हर म्हणतात, फॉर्मवर सरळ ‘लॅब मिक्स’, म्हणजे लॅब्राडोरचा संकर, असं लिही, कोण बघायला येतंय! एकाने तर सर्व्हिस डॉगचं जाकीट ऑनलाइन मागव म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात त्याला कॅबमध्ये कसं ठेवायचं कळत नाही. बायकोला तो एकटीला आवरत नाही, आई येणार आहे ती कुत्र्याला घाबरते. मी तीन-तीन आठवडे रस्त्यावर असतो. ट्रकच्या स्लीपरमध्ये, त्या झोपायच्या कप्प्यात, रात्री कुणाचा तरी श्वास ऐकू आला तरी बरं वाटेल.”

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुला शेरू बरोबर का हवाय हे मला समजावून सांगायची गरज नाही. पण ताई म्हणालास, तर ताईच्याच हक्काने बोलते. तुझ्या सगळ्या प्रश्नांत मला एकच गोष्ट छळतेय, ती म्हणजे ‘लॅब मिक्स’.

अरे, आपण या अमेरिकेत राहतो ते कागदांच्या आधारावर. ग्रीन कार्डच्या अर्जात मागच्या पाच वर्षांचे पत्ते लिहिताना आमचा एक महिना जुळेना, तेव्हा आमचे हे रात्री दोन वाजता जुन्या भाडेपावत्या उपसत बसले होते. तूही असंच काहीतरी केलं असशील. एवढं सगळं खरं लिहून इथवर आलेला माणूस कुत्र्याच्या रकान्यात खोटं लिहायला निघतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या धाकट्या दिराने हेच केलं होतं. त्याचा राजाही रॉटवायलर. फॉर्मवर ‘लॅब मिक्स’ लिहिलं, आठ महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका यार्डात सेफ्टीवाल्याने कॅबचं दार उघडायला लावलं आणि राजा भुंकला. चावला नाही, अंगावर गेला नाही, नुसता भुंकला. त्या माणसाने लसीचा कागद मागितला. पशुवैद्याने जात छापून दिलेली होतीच. त्याच दिवशी ट्रकची किल्ली गेली. घर चौदाशे मैलांवर, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात बॅग. ॲमट्रॅकच्या रेल्वेत कुत्रा नेता येतो, पण पिशवीसकट 20 पौंडांपर्यंतचाच. शेवटी आमचे हे दोन दिवस गाडी चालवत गेले आणि दोघांना घेऊन आले. दिराची नोकरी गेली याचं दुःख होतंच. पण ‘राजाने काय केलं होतं?’ हे तो कितीतरी दिवस म्हणत राहिला. राजाने काहीच केलं नव्हतं. केलं होतं ते फॉर्मने.

आणि समज, भुंकण्याऐवजी राजा चावला असता तर? विम्याचे लोक सगळ्यात आधी तो फॉर्म बाहेर काढतात.

तुला अधूनमधून कॅनडातल्या ओंटारिओची फेरी मिळते असंही तू लिहिलंयस. मग हे नीट वाच. तिथे 2005 पासून पिटबुलवर बंदी आहे. रॉटवायलर त्या कायद्यात नाही. पण कायदा रूप पाहतो: पिटबुलसारखा दिसणारा कुत्रासुद्धा त्यात येतो, आणि वाद झाला तर ‘हा पिटबुल नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. म्हणजे रुंद डोक्याचा, आखूड केसांचा, कागदावर नुसता ‘मिक्स’ असलेला कुत्रा घेऊन तू संशय स्वतःहून ओढवून घेणार. ज्या नावाची तुला धास्ती वाटतेय, तेच नाव तिथे शेरूला वाचवणार आहे. कॅनडात शिरताना दाखवायच्या रेबीजच्या प्रमाणपत्रातही जात लिहिलेली असते. परत येताना ऑगस्ट 2024 पासून सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा) फॉर्म आणि मायक्रोचिप लागते. किती ठिकाणी, किती कागदांवर तू ‘लॅब’ सांभाळणार आहेस?

त्या जाकिटाचं तर नावही काढू नकोस. सर्व्हिस डॉग म्हणजे अपंगत्व असलेल्या माणसासाठी ठरावीक काम शिकवलेला कुत्रा. जाकीट घातल्याने शेरू तसा होत नाही, आणि ज्यांचं आयुष्य खरोखर अशा कुत्र्यावर चालतं त्यांच्याकडे लोक संशयाने बघायला लागतात.

मग करायचं काय? खरं नाव सांगून कंपनी शोधायची. सही करण्याआधी फोन कर आणि विचार: कोणत्या जाती चालत नाहीत, वजनाची मर्यादा किती, डिपॉझिट किती आणि परत मिळतं का? या याद्या बहुतेक वेळा विमा कंपनीकडून येतात, म्हणून त्या सगळीकडे सारख्या नसतात. एकीकडे रॉटवायलर नको असतो, तर दुसरीकडे जातीबद्दल काहीच नसतं, फक्त वजन बघतात. लहान कंपन्यांत मालकाशी थेट बोलता येतं. उत्तर ईमेलवर घे. रिक्रूटर फोनवर ‘हो हो, चालेल’ म्हणतो; यार्डात मात्र तो नसतो.

आणि शेरूची एक फाइल कर. लस, चिप नंबर, नसबंदीचा कागद. अमेरिकन केनेल क्लबची ‘कॅनाइन गुड सिटिझन’ ही दहा कसोट्यांची परीक्षा आहे, कुठल्याही जातीच्या कुत्र्याला देता येते. माझ्या दिराने पुढे राजाला ती द्यायला लावली. दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीत त्याने आधी राजाचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं, मग स्वतःचं लायसन्स. नोकरी मिळाली, ‘रॉटवायलर’ असं लिहून मिळाली.

शेरूला जाळीचं मुसकंही शिकव, खाऊ देत देत, आठवडाभर घेऊन. मुसकं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुसक्या बांधलेला चोर येतो. अरे, मळणीच्या बैलालाही मुसकं घालतात, त्याला कुणी खुनशी म्हणतं का? जाळीच्या मुसक्यात कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, आणि डॉकवरचा घाबरलेला माणूस शांत होतो.

जातीचं भय बाळगणाऱ्यांशी वाद घालत बसू नकोस, पण तुझ्या मनाला आधार म्हणून सांगते. 2022 साली ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या अभ्यासात एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम 9 टक्के फरक जातीने ठरतो असं दिसलं. आणि रॉटवायलर तर मुळातच रस्त्यावरचा. जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा, गुरं हाकत बाजाराला जाणारा, खाटकांच्या गाड्या ओढणारा. गुरं रेल्वेने जायला लागली तेव्हा याचं काम गेलं आणि जात संपायला आली होती. माल वाहणाऱ्या माणसाच्या सोबतीला याच्याइतका हक्काचा कुत्रा दुसरा नाही.

आता बाकीचं. उन्हाळा: बाहेर 27 अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत 37 होतात, अर्ध्या तासात 45 च्या वर. एपीयू (मुख्य इंजिन बंद असताना एसी चालवणारं छोटं इंजिन) किंवा बॅटरीवरचा एसी नसलेला ट्रक घेऊ नकोस, इंजिन चालू ठेवण्यावर भिस्त ठेवू नकोस. कॅलिफोर्नियात उभ्या ट्रकचं इंजिन चालू ठेवायला साधारण पाच मिनिटांची मर्यादा आहे. पोटभर खाऊ घालून लगेच पळवू नकोस, मोठ्या छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो आणि मग हातात थोडेच तास असतात. कॅबमधून उडी नको, रॅम्प घे. आठ तास ड्रायव्हिंग झालं की अर्धा तास थांबावंच लागतं, पण शेरूला आठ तास ताटकळत ठेवू नकोस.

बायकोला आवरत नाही म्हणतोस, तर ट्रेनरकडे तिला पाठव, तू जाऊ नकोस. तुझं तो ऐकतोच.

आईंची ओळख दारात करून देऊ नकोस. बाहेर, पट्टा लावून, सोबत चालता चालता होऊ दे. आमच्या सासूबाई आठवडाभर राजाला स्वयंपाकघराच्या दारातून लांबूनच बघत होत्या. आठव्या दिवशी मला म्हणाल्या, “त्याचं पाणी संपलंय गं, दिसत नाही का तुला?”