तिरादेंतिसला फर्निचर पाहायला जाताना

साओ पावलोहून तिरादेंतिसला दोन दिवस पुरतील का आणि तिथले हाताने घडवलेले फर्निचर भारतात आणावे का, असे आपण विचारले आहे. दोन दिवस पुरतात. मात्र त्यांतला एक जवळच्या बिशिन्यो या खेड्यासाठी राखून ठेवावा.

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातले तिरादेंतिस हे गाव अठराव्या शतकात सोन्यावर उभे राहिले आणि सोने सरल्यावर मागे पडले. नवे बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुने टिकले. 1789 च्या पोर्तुगीजविरोधी कटातील जोआकिम जोझे दा सिल्वा शाव्येर हा दात काढण्याचे काम करी, त्यावरून त्याला तिरादेंतिस म्हणत. 1792 मध्ये त्याला फाशी झाली आणि 1889 मध्ये प्रजासत्ताक आल्यावर गावाला त्याचे नाव मिळाले. गोव्यातला पिंटोंचा कट त्याच पोर्तुगीज सत्तेविरुद्ध 1787 मध्ये, म्हणजे अवघी दोन वर्षे आधी झाला होता, हे मला तिथल्या गल्ल्यांतून चालताना सारखे आठवत असे. सांत आंतोनियोचे सोनेरी कोरीवकामाचे चर्च अवश्य पाहावे.

आता मुख्य विषय. इथली खरी ओळख पाडलेल्या घरांच्या तुळया, वासे आणि दारांपासून केलेले फर्निचर ही आहे. हे लाकूड पेरोबा-रोझासारख्या झाडांचे आणि पुरते मुरलेले असल्याने सहसा वाकत नाही. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत तयार माल दिसतो, तर बिशिन्योत कारागीर काम करताना भेटतात, आणि खऱ्या व भासवलेल्या जुन्या लाकडातला फरक तिथेच कळतो. टेबल उलटे करून खालची बाजू पाहावी: खिळ्यांची जुनी भोके आणि आधीच्या सांध्यांच्या खाचा तिथे राहिलेल्या असतात. वरून रंग देऊन जुने भासवलेल्या नव्या लाकडात त्या सापडत नाहीत.

‘जाकारांदा’ असे सांगितलेली जुनी वस्तू मात्र घेऊ नये. ब्राझीलचे हे लाकूड आपल्या शिसवीच्याच कुळातले आहे, म्हणून आपल्याला त्याचा मोह लवकर होतो. परंतु 1992 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत आणि परवान्याविना ते देशाबाहेर नेता येत नाही.

मोठे कपाट जहाजाने आणण्याचा खर्च वस्तूच्या किमतीपुढे जाऊ शकतो, त्यामुळे बैठे स्टूल, चौकट किंवा पेटी निवडावी. लाकडी खोक्यात पाठवायचे असल्यास त्या खोक्यावर कीडनाशक प्रक्रियेचा शिक्का असल्याची खात्री दुकानातच करून घ्यावी.