घडीच्या पाकिटातून मणी सांडू नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही विचारलंय की कानातले आणि मणी ठेवायला गोंद न लावता ओरिगामीचं पाकीट करायचंय, पण झाकण सुटतं आणि मणी सांडतात. जपानमध्ये अशा घडीच्या पाकिटांना तातो म्हणतात, सुई-दोरा ठेवायला ती वापरत. फुलासारखी अष्टकोनी तातो दिसतात देखणी, पण बारीक मणी राहायचे तर मी साध्या पेल्याच्या घडीचंच पाकीट सुचवेन. त्याच्या तळाला जोडच नसतो.

१५ सेमीचा चौकोन घ्या. रंगीत बाजू बाहेर ठेवून कर्णावर दुमडा आणि घडी खाली, टोक वर असा त्रिकोण समोर धरा. आता वरच्या टोकापासून दोन्ही कडांवर ६.२ सेमीवर पेन्सिलीने बारीक खूण करा. खालचा डावा कोपरा उजव्या खुणेवर आणा, नखाने दाबा. मग उजवा कोपरा डाव्या खुणेवर. दोन्ही दुमडींच्या वरच्या कडा आडव्या आणि एका रेषेत यायला हव्यात. तिरक्या दिसल्या तर तिथेच उलगडा, पुढे काही सुधारत नाही.

वर दोन टोकं उरतात. शेवटी दुमडलेल्या कोपऱ्याला दोन पदर असतात, त्यांच्यामधल्या खाचेत पुढचं टोक सरकवा. ते आत खाचेच्या तळाच्या घडीला नेमकं टेकतं, आणि सगळी पकड तिथेच असते. खूण २-३ मिलिमीटर खाली-वर झाली की टोक एकतर आत मुडपतं, नाहीतर सैल राहतं. झाकण सुटण्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

मणी तोंडातून भरा आणि मागचं टोकही त्याच खाचेत घाला. मात्र त्याची घडी तोंडाच्या रेषेच्या जेमतेम १ मिलिमीटर वर घाला. त्याला पुढच्या पदराला आणि आतल्या मण्यांना वळसा घालून यायचं असतं. अगदी रेषेवर घातलीत तर ताण बसून पाकीट फुगतं.

तयार पाकीट तोंडाशी ८.८ सेमी, तळाशी ३.६ सेमी रुंद आणि ६.२ सेमी उंच होतं. कुड्या, टिकल्या, बिया आरामात मावतात. मोठ्या झुमक्यांना २० सेमीचा चौकोन घ्या, तेव्हा खूण ८.३ सेमीवर.

कागद ७०-८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७०-८० ग्रॅम वजनाचा) बरा. घोटीव कागदही चालतो, फक्त घडीवर त्याचा रंग उडून पांढरी रेघ दिसते. प्लॅस्टिकचा मुलामा असलेला गिफ्टपेपर घेऊ नका, तो घडी धरतच नाही, थोड्या वेळाने आपोआप उलगडतो. कार्डशीट तर नकोच, खाचेचे दोन आणि टोकांचे दोन असे चार पदर तिथे एकत्र येतात. कुंकू ठेवणार असाल तर आत बटर पेपरची पुडी करा, नाहीतर डाग बाहेर उमटतो.