ढेकळातला रेघाळ पक्षी कोणता?

परभणी : हरभऱ्याच्या रानात रेघारेघांचा तपकिरी पक्षी तुरुतुरु पळतो. चंडोल की तिरचिमणी?

रंगावर जाऊ नका. ढेकळांत लपणाऱ्या बहुतेक पक्ष्यांचा रंग असाच मातकट असतो. आधी चोच पाहा. तिरचिमणीची चोच बारीक, किडे टिपणारी. चंडोलाची जाड, कारण त्याला दाणेही खायचे असतात. धान तिरचिमणी लांब पायांवर ताठ उभी राहते, चार पावलं पळते, थबकते, शेपटी खालीवर करते. चंडोल दबून चालतो. उडताना तिरचिमणीच्या शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसतात. शेपटी तांबूस आणि टोकाला काळा पट्टा असेल, तर तो तांबड्या शेपटीचा चंडोल. नांगरटीत हमखास भेटतो. मागच्या बोटाच्या लांब नखीवरून मात्र ठरवू नका, ती दोघांनाही असते.

बीड : माळावरच्या चंडोलाला तुरा आहे. मग तो मोठा तुरेवाला चंडोलच ना?

आपल्याकडे बहुधा साइक्सचा चंडोल. लांबी जेमतेम 14 सें.मी., अंग लालसर, छातीवर मोजक्याच बारीक रेघा. मोठा तुरेवाला 18 सें.मी.चा, फिकट, आणि त्याच्या छातीवर रेघा जास्त. विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने 1832 मध्ये दख्खनच्या याच पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. फसगत होते ती वेगळीच: बिनतुऱ्याचे चंडोलही बिचकले की डोक्यावरची पिसं फुलवतात. दोन मिनिटं थांबा. पिसं बसल्यावरही मागे टोक दिसलं, तरच तुरा धरा.

जालना : शाळूवर मोठाले थवे उतरतात. त्या चिमण्या का?

भारीट असतील. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोप ते इराण या पट्ट्यातून हिवाळ्यात येतो. पिवळा नर लगेच कळतो, मादी मात्र चिमणीसारखी मातकट. तिच्या शेपटीखालचा पिवळेपणा पाहा. चिमणीला तो नसतो. लाल डोक्याच्या भारिटाची मादीही जवळपास अशीच दिसते, आणि दोघांचे थवे एकत्र असतात. एकटी मादी दिसली, तर नोंदीत नुसतं ‘भारीट’ लिहा. अंदाजाने जात लिहिण्यापेक्षा ते बरं.

लातूर : चंडोल आणि तिरचिमणी एकाच कुळातले का?

नाही. तिरचिमणी धोबी पक्ष्याच्या कुळातली. डीएनएवरून चंडोल वटवटे-बुलबुलांच्या गटात गेले, आणि तिरचिमणी घरातल्या चिमणीच्या जवळची निघाली. फरक पायावरही आहे. रस्त्याकडेला मेलेला चंडोल दिसला, तर पायाची नळी मागून पाहा: गोलसर, खवल्याखवल्यांची. तिरचिमणीची तीच बाजू सलग आणि धारेसारखी असते.