मोठ्या स्टार्सच्या नावावर आता हिंदी सिनेमे का चालत नाहीत?

अजिबात चालत नाहीत असं नाही, पण नुसत्या नावावर थेटर भरायची गॅरंटी गेली हे खरंय. आणि लोक याचं खापर कोविडवर फोडतात ते मला पटत नाही, 2018 च्या दिवाळीतच दिसलं होतं की. 'ठग्स ऑफ हिंदोस्तान', अमिताभ आणि आमिर पहिल्यांदाच एकत्र, पहिल्या दिवशी 50 कोटींच्या वर धंदा, आणि संध्याकाळच्या शोपर्यंत व्हॉट्सअॅपवर पिक्चरची पार वाट लागलेली, दुसऱ्या दिवसापासून कलेक्शन धाडकन खाली. म्हणजे तेव्हा स्टार निदान पहिला दिवस तरी काढून द्यायचा. 2022 मध्ये तेही गेलं. ऐन राखीपौर्णिमेला आमिरचा 'लाल सिंग चड्ढा' आणि अक्षयचा 'रक्षाबंधन' एकदमच लागले, पुढे 15 ऑगस्टपर्यंत सुट्ट्याच सुट्ट्या, तरी दोन्ही झोपले.

अक्षयची तर गंमतच आहे. 15 ऑगस्ट 2024 ला त्याचा 'खेल खेल में' आला आणि त्याच दिवशी 'स्त्री 2', ज्यात तोच छोट्याशा रोलमध्ये आहे. पब्लिकने त्याला 'स्त्री 2' मध्येच बघणं पसंत केलं 😄

माझ्या मते मेन कारण म्हणजे हे लोक आता दुर्मिळ राहिले नाहीत. सकाळी इन्स्टावर, दुपारी इलायचीच्या जाहिरातीत, रात्री कुठल्यातरी रिअॅलिटी शोमध्ये, मग पैसे मोजून परत कशाला बघायचं? शाहरुख 'झिरो' पडल्यावर चार वर्षं हिरो म्हणून आलाच नाही, मुलाखती पण जवळपास बंद, आणि 2023 च्या जानेवारीत 'पठाण'ला लोक तुटून पडले. उलट 2025 मध्ये 'सैयारा'ची जोडी कोणाला माहीत पण नव्हती, प्रमोशनला पण मुद्दाम बाहेर काढली नाही, आणि पोरं थेटरात ढसाढसा रडत होती.

बाकी पैशाचा हिशोब आहेच. मल्टिप्लेक्सला चौघं गेलो की तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग धरून दीड-दोन हजार सहज जातात, आणि दोन महिने थांबलं की तोच पिक्चर घरी ओटीटीवर. सप्टेंबर 2024 मध्ये एक दिवस तिकीट 99 रुपये केलं होतं तेव्हा बघायची होती गर्दी, आणि त्यात 'तुंबाड' पण होता, सहा वर्षं जुना, एकही मोठा स्टार नसलेला, नुसता रि-रिलीज, तरी पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला.