सक्त मनाईची पाटी

प्रश्न : मॅडम, नमस्कार. ऐरोलीतल्या एका महाविद्यालयात मी गेल्या वर्षापासून ग्रंथपाल आहे. एसवाय बीएच्या अर्थशास्त्राच्या सरांना चार पुस्तकांतली मिळून सहा प्रकरणं मुलांना द्यायची आहेत. त्यातल्या एका पुस्तकाची आमच्याकडे एकच प्रत आहे आणि ते आता बाजारात मिळत नाही. सर म्हणतात, ते अख्खं स्कॅन करून टेलिग्रामवर टाका, प्रश्न मिटला. प्राचार्य म्हणतात, एक पानही झेरॉक्स करू नका, केस होईल. मी मध्ये अडकले आहे. काय करू?

उत्तर : ताई, दोघंही चुकताहेत. पण प्राचार्यांची चूक माझ्या जास्त ओळखीची, कारण एकतीस वर्षांच्या नोकरीत निम्मा काळ मी तीच केली. ठाण्यात आमच्या देवघेवीच्या खिडकीशेजारी ‘पुस्तकांची झेरॉक्स काढण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी होती. लाल रंगात, मीच पेंटरकडून रंगवून घेतलेली. एक मुलगा टिटवाळ्याहून यायचा. संदर्भ विभागातलं पुस्तक घरी मिळायचं नाही आणि झेरॉक्सला पाटी आडवी. मग तो रोज दुपारी खिडकीजवळच्या टेबलाशी बसून फुलस्केपवर पानंच्या पानं उतरवून काढायचा. मागणी-पुरवठ्याचा आलेख त्याने ओळखपत्राच्या कडेने आखलेला मी पाहिलाय, पट्टी विसरला होता म्हणून. पावसात लोकल बंद पडल्या त्या दिवशी त्याला सहापर्यंत बसू दिलं, तर मलाच वाटलं की मी केवढे उपकार केले!

१९५७चा कॉपीराइट कायदा तेव्हाही आमच्याच कपाटात होता. कलम ५२ मी उघडूनही पाहिलं नव्हतं. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्या-शिकण्याच्या ओघात एखाद्या कृतीची नक्कल केली तर तो हक्कभंग नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी वाजवी वापर करायलाही तेच कलम मुभा देतं. तो मुलगा झेरॉक्सला हक्काने जाऊ शकला असता.

तुमच्या प्राचार्यांनी केसचं नाव काढलंय, तर केसच दाखवा. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर दावा लावला. अभ्यासक्रमातली प्रकरणं एकत्र बांधून मुलांना दिली जात, त्यावर आक्षेप होता. १६ सप्टेंबर २०१६ला दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. निकालात त्यांनी स्वतःच्या विद्यार्थिदशेतली आठवण दिली आहे : झेरॉक्स महाग आणि वेळखाऊ, म्हणून मुलं आळीपाळीने ग्रंथालयात बसून पानं हाताने उतरवत. हाताने उतरवलेलं चालतं, मग यंत्राने का नाही, असा त्यांचा रोख. ते वाचताना मला खिडकीजवळचं टेबल आठवलं आणि जरा ओशाळायला झालं.

९ डिसेंबर २०१६ला खंडपीठानेही हाच कल ठेवला : पानं किती, प्रती किती, यापेक्षा शिकवायला ती लागतात का, हे पाहायचं. ती नेमकी पानं खरंच लागत होती का, आणि पूर्ण पुस्तकांच्या प्रतींचं काय, एवढं तपासायला दावा परत एकल न्यायाधीशांकडे पाठवला. पण २०१७च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, तेव्हा ते तपासणं राहूनच गेलं. निकाल दिल्लीचा आहे, मुंबई उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नाही. तरी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायला पुरेसा वजनदार आहे.

आता कामाचं. सरांकडून एक चिठ्ठी घ्या : वर्ग, पेपर, प्रकरणं, पानं, तारीख, सही. ती फायलीत लावा. सहा प्रकरणांच्या प्रती बिनधास्त काढून द्या, फक्त झेरॉक्सच्या खर्चावर एक पैसाही चढवू नका. अख्खं पुस्तक नको, आणि टेलिग्राम तर मुळीच नको. तिथे आज टाकलेली फाइल दिवाळीपर्यंत कुठल्या क्लासच्या नावाने फिरेल याचा नेम नाही, आणि मग ‘वर्गासाठी’ हा बचाव उरणार कसा? तो निकाल कागदी प्रतींबद्दलचा आहे, म्हणून स्कॅन देताना हात आखडता ठेवा : कॉलेजच्या लॉगिनमागे, त्याच वर्गाला, तीच प्रकरणं, आणि सेम संपली की काढून टाका.

बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या ग्रंथालयापुरत्या तीनपर्यंत प्रती करायची सवलत कायद्यात आहे, पण ती ‘गैरव्यावसायिक सार्वजनिक’ ग्रंथालयाला. महाविद्यालयाचं ग्रंथालय त्यात बसतं का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. त्यापेक्षा प्रकाशकाला साधं पत्र टाका. बंद पडलेल्या पुस्तकाची कुणी आठवण काढली म्हणून खूश होऊन परवानगी देणारे प्रकाशक मला भेटले आहेत. उत्तरच न देणारे जास्त, पण पत्राला खर्च तो कितीसा.

आणि सरांना एक सुचवून पाहा. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स नावाचा उपक्रम आहे, त्यात अर्थशास्त्राचं पूर्ण पाठ्यपुस्तक खुल्या परवान्यावर मिळतं. परवान्याचं पान आधी वाचायचं, अटी पाळायच्या, मूळ लेखकांचं नाव द्यायचं आणि हवं ते प्रकरण मराठीत आणायचं. त्यातली डॉलरची उदाहरणं आपल्या मुलांना परकी वाटतात. तिथे वाशीच्या एपीएमसीतला कांद्याचा भाव घाला की! आवक घटली की भाव का चढतो, हे तुर्भ्याच्या मुलाला आलेख न काढताही माहीत असतं. खुल्या शिक्षणसामग्रीची गंमत मला इथेच वाटते, फुकट मिळण्यात नाही.

प्रश्न : मी कळव्यात दहावीचे क्लास घेतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, म्हणजे ती ओपनच झाली ना? त्यातले धडे घेऊन नोट्स छापून विकल्या तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार, सर. फुकट वेगळं आणि खुलं वेगळं. पुस्तकाचं आतलं पान उघडा : सर्व हक्क मंडळाकडे, लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असं छापलेलंच असतं. तलावपाळीला फिरायला पैसे पडत नाहीत, म्हणून तिथलं बाकडं घरी नेता येतं का? खुलं म्हणजे काय काय करायची परवानगी आहे ते धन्याने आधीच लिहून ठेवलेलं. अशी परवानगी लिहून द्यायचे तयार नमुने म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, ते २००२पासून आहेत, त्यांतही काही व्यापारी वापराला नकार देतात. विकायच्या नोट्स असतील तर स्पष्टीकरणं आणि प्रश्न स्वतःचे लिहा. तसेही मुलं पैसे त्याचेच देतात.

प्रश्न : माझे आजोबा १९६२ साली वारले. त्यांचं शेतीवरचं छोटं पुस्तक त्यांच्या हयातीतच छापलं गेलं होतं. नौपाड्यातल्या आमच्या घरी त्याची एकच प्रत उरली आहे. ती विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयावर चढवली तर कुणी हरकत घेईल का?

उत्तर : आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. पूर्वी ती पन्नास होती. रवींद्रनाथ १९४१ला गेले, त्यांचे हक्क संपायची वेळ आली तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. तुमच्या आजोबांचा मजकूर १ जानेवारी २०२३पासून सर्वांचा झाला, आता तुमचीही परवानगी लागत नाही. फक्त प्रस्तावना आणि आतली चित्रं दुसऱ्या कुणाची असतील तर त्या माणसाचं साल वेगळं मोजावं लागेल. साल सापडत नसेल तर ती पानं तूर्त वगळा. आणि स्कॅन करताना पुस्तक दाबून सपाट करू नका, साठीतल्या बांधणीचा दोरा तुटतो. पान अर्धंच उघडून वरून मोबाइलने फोटो घ्या, खिडकीच्या उजेडात, दुपारी बाराच्या आधी.