गुंडाळलेलं जनुक उघडतं कोण?

प्रश्न : मॅडम, मी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत फर्मेंटेशनला आहे. मुलगी बारावी सायन्सला. डीएनए हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, असं तिच्या पुस्तकात आहे. ती विचारते, 'पप्पा, मग गुंडाळलेल्या भागातलं जनुक पेशी वाचते कसं? ते आपोआप सुटतं का?' मला सांगता आलं नाही. शिवाय आमचे एक पाव्हणे कसलीशी पावडर घेतात. पाकिटावर छापलंय, 'पेशींची ऊर्जा वाढवून झोपलेली जनुकं जागी करते.' यात तथ्य आहे का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : मुलीने नेमकं बोट ठेवलंय. आपोआप काही सुटत नाही. त्यासाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागते, आणि ती खर्चणारी प्रथिनांची यंत्रं पेशीत असतात. त्यांचा पहिला सुगावा लागला तो तुमच्या टाकीत रोज फेसाळणाऱ्या यीस्टमुळे. म्हणून तिथूनच सांगते.

लॅबमध्ये तुम्ही मिथिलीन ब्लू टाकून यीस्ट मोजत असाल. मेलेल्या पेशी निळ्या पडतात, जिवंत बिनरंगाच्या राहतात. त्यातली एक पेशी म्हणजे मिलिमीटरचा साधारण दोनशेवा हिस्सा. तिच्यातला डीएनए सरळ केला तर भरतो जवळजवळ 4 मिलिमीटर! म्हणून त्याचा 147 जोड्यांचा (जोडी म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी) एकेक तुकडा आठ हिस्टोनच्या गड्ड्याभोवती दोनाला थोडे कमी वेढे घेतो. हा झाला न्यूक्लिओसोम. त्यात हिस्टोननी डीएनए 14 जागी धरलेला असतो. एकेक पकड किरकोळ, पण सगळ्या मिळून घट्ट.

यंत्राची मोटर या न्यूक्लिओसोमला बिलगते, एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा, रेणू फोडते आणि डीएनए एक-दोन जोड्यांनी ओढते. पुन्हा एटीपी, पुन्हा एक-दोन जोड्या. मांडवातली मोठी सतरंजी सरकवायची तर आपण ती अख्खी ओढत बसत नाही. एका कडेला चुणी पाडतो आणि ती चुणी पुढे ढकलत नेतो. इथेही तसंच, चौदाही पकडी एकदम सोडवाव्या लागत नाहीत. अशाने हिस्टोनचा गड्डा बाजूला सरकतो, कधी पार निघूनही जातो, आणि त्याखाली दबलेला डीएनए वाचायला मोकळा होतो.

आता साखर. उसाची साखर यीस्ट आधी पेशीच्या बाहेरच फोडतं, इन्व्हर्टेज या एन्झाइमने, आणि मग तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज आत घेतं. इन्व्हर्टेजच्या जनुकाचं नाव सुक-2. ग्लुकोज आयतं मिळतंय तोवर यीस्ट ते दाबून ठेवतं, ग्लुकोज कमी पडायला लागलं की उघडतं. 1980 च्या दशकात अमेरिकेत मरियन कार्लसन यांनी उसाची साखर वापरता न येणारं यीस्ट वेगळं काढलं. गंमत अशी, की त्यातल्या कित्येक वाणांत सुक-2 शाबूत होतं, तरी ते चालू होत नव्हतं. बिघाड दुसऱ्याच जनुकांत होता, त्यांना एसएनएफ म्हणू लागले. त्याच काळात आयरा हर्स्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत वेगळाच शोध चालला होता, यीस्ट आपला संयोगाचा प्रकार कसा बदलतं याचा. तिथे एसडब्ल्यूआय जनुकं सापडली. पुढे कळलं की एसएनएफ-2 आणि एसडब्ल्यूआय-2 ही दोन नव्हेतच, एकच जनुक आहे. आणि त्याचं प्रथिन म्हणजे त्या यंत्राची मोटर.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो 1992 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. यीस्टमध्ये एच-2-ए आणि एच-2-बी या हिस्टोनच्या जनुकांचे दोन संच असतात. मोटर बिघडलेल्या यीस्टमधून त्यातला एक संच काढून टाकला. गुंडाळी सैल पडली, आणि मोटर नसतानाही सुक-2 काही प्रमाणात चालू झालं! म्हणजे या यंत्राचा झगडा होता तो गुंडाळीशीच. मुलीला हे आवर्जून सांगा. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा यातून जास्त उमगतं.

पावडरीचं स्पष्टच लिहिते : पाव्हण्यांना म्हणावं, पैसे घालवू नका. जिवंत पेशीत एटीपी असतंच, आणि कुठलं जनुक उघडायचं हे काही ते ठरवत नाही. ते ठरतं डीएनएच्या ठराविक जागी बसणाऱ्या प्रथिनांवरून आणि हिस्टोनवरच्या रासायनिक खुणांवरून. यंत्राला तिथे बोलावून आणतात ती हीच. शिवाय याच कुळातली आयस्विसारखी यंत्रं तेच एटीपी खर्चून न्यूक्लिओसोम सारख्या अंतरावर मांडतात आणि पुष्कळदा जनुक मिटवायला मदत करतात. यकृताच्या पेशीत मेंदूची जनुकं मिटलेलीच हवीत. ती सरसकट जागी करणं हा उपचार नव्हे.

यंत्र बिघडलं तर काय होतं, हेही तिला कळू द्या. यीस्टच्या एसएनएफ-5 या भागाचं माणसातलं रूप स्मार्क-बी-1. ते जनुक गमावल्याने लहान मुलांना, अगदी तान्ह्यांनाही, ऱ्हॅब्डॉइड नावाची फार आक्रमक गाठ होते, हे 1998 मध्ये दाखवलं गेलं. माणसाच्या कर्करोगांत साधारण पाचातल्या एका गाठीत या यंत्राचा कुठला ना कुठला भाग बदललेला आढळतो. साखर न पचवणाऱ्या यीस्टचा अभ्यास कुठवर पोचला बघा. असल्या संशोधनाला 'याचा उपयोग काय' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

बोर्डाच्या पेपरात मात्र एवढं विचारत नाहीत. एच-2-ए, एच-2-बी, एच-3 आणि एच-4 प्रत्येकी दोन, असे आठ हिस्टोन लिहायचे. एच-1 या आठांत धरायचा नाही, तो बाहेरून बसतो. मुलं गुण घालवतात ती इथेच.