मुलगा रात्री अनोळखी लोकांच्या लिनक्सच्या अडचणी सोडवतो, थांबवू का?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय आणि रोज रात्री इंटरनेटवर अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवत बसतो. मिळत काहीच नाही. पाहुणे म्हणतात, पोलीस भरतीला लावा. काय करू?
– एक कास्तकार, दारव्हा तालुका

नमस्कार भाऊ,

थांबवू नका. बोर्डाची परीक्षा आणि सीईटी होईपर्यंत रोजचा एक तास ठरवून द्या, एवढंच.

लिनक्स, म्हणजे विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, 1991 मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं सुरू केलं. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सगळ्यांना खुला आहे (यालाच ओपन सोर्स म्हणतात), म्हणून जगभरची माणसं मिळून ते सांभाळतात. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो, बँकांचे आणि कंपन्यांचे असंख्य सर्व्हरही. ते चालते ठेवणाऱ्यांना पगार मिळतो.

आता तुमचा मुलगा नेमकं काय करतो ते पाहा. कुणीतरी लिहितं, ‘वाय-फाय चालत नाही.’ एवढ्यावर काहीच कळत नाही. मग हा विचारतो : कार्ड कोणतं, व्हर्जन कोणतं, अपडेटनंतर बंद पडलं की आधीपासून, लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरनं स्वतः ठेवलेल्या नोंदींत, काय दिसतं? समोरचा वैतागलेला असतो, तरी शांतपणे, इंग्रजीत, एकेक कारण बाजूला काढत जावं लागतं. सपोर्ट इंजिनिअर आणि सिस्टीम ॲडमिनचं काम हेच असतं. डिग्री घेतलेल्या कितीतरी मुलांना हे जमत नाही, म्हणून मला तुमच्या पोराचं मनापासून कौतुक वाटतं.

पण त्याची मेहनत विखुरते आहे. त्यानं सगळीकडे एकाच नावानं काम करावं. तीच अडचण अनेकांना येत असेल, तर ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मूळ प्रकल्पाकडे नीट बग रिपोर्ट, म्हणजे दोषाची तपशीलवार माहिती, पाठवावी. लिबरऑफिस (ऑफिसच्या कामाचं मोफत सॉफ्टवेअर) आणि फायरफॉक्स (इंटरनेट ब्राउझर) यांच्या मराठी भाषांतरातही हात लावता येतो. हे काम कायम दिसत राहतं, मुलाखतीत दाखवता येतं. 18 पूर्ण झाल्यावर गूगल समर ऑफ कोडला अर्ज करावा. 2005 पासून चालणाऱ्या या कार्यक्रमात ओपन सोर्स प्रकल्पावर काम करण्याचं मानधन मिळतं. कोडिंग कच्चं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल हे व्हिडिओ धडे आहेत, मराठीतून आणि मोफत.

शिक्षण मात्र हवंच. पहिल्या नोकरीच्या दारात डिग्री अजूनही विचारली जाते. सीईटीत गुण चांगले आले तर अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय डोळ्यांसमोर ठेवा. नाही आले तर शासकीय पॉलिटेक्निक : बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बीसीएही चालेल. पोलीस भरती वाईट नाही, पण तुमच्या पत्रात मुलाला ती हवी असल्याचं कुठेच दिसलं नाही. त्याला एकदा विचारा.

एका गोष्टीबद्दल मी कळकळीनं सांगतो. ‘लिनक्स सर्टिफिकेट, नोकरीची हमी’ म्हणून मोठी फी मागणाऱ्या क्लासला कापसाचे पैसे देऊ नका. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही सिस्टीम ॲडमिनची परीक्षा चांगली आहे, त्यात प्रत्यक्ष मशीनवर काम करून दाखवावं लागतं. ती शेवटच्या वर्षात द्यावी.

उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर जातीचा व नॉन-क्रिमीलेअर, आत्ताच काढून ठेवा. निकालानंतर सेतूवर रांगा लागतात आणि प्रवेशाच्या तारखा थांबत नाहीत.